काचेवरचा थर

प्रिय बाबा,

पार्सल अजून फोडलं नसेल तर थांबा, आधी हे वाचा. तुमची घाई मला ठाऊक आहे, तीच माझ्यात उतरलीय.

बातमी अशी की दुकानात मला स्वतःचं टेबल मिळालं! मागच्या आठवड्यात एक बाई नवऱ्याचं जुनं घड्याळ घेऊन आल्या. काचेवर आडवा ओरखडा, आणि तशी काच आता कुठे मिळत नाही. सगळ्यांनी हात वर केले. मी भिंगाखाली ओरखड्यावरून नख फिरवलं, ते कुठेच अडकेना. म्हणजे काच धडधाकट होती. उजेडाची तिरीप डोळ्यांत जाऊ नये म्हणून काचेवर जो पातळ थर देतात, ओरखडा फक्त त्याला होता. मी म्हटलं, थरच उतरवते. मालकीणबाई म्हणाल्या, बिघडलं तर उद्यापासून नुसत्या पावत्या फाडायच्या.

हिऱ्याची पेस्ट लावून घासायला बसले. थोड्या वेळात काचेवर निळसर चट्टे उठले. तेच चट्टे, बाबा. सोळाव्या वर्षी तुम्हाला खूश करायला म्हणून तुमच्या गुरूंनी दिलेलं घड्याळ मी गुपचूप घासलं होतं, तेव्हाचे. तुम्ही रागावला असता तर परवडलं असतं. तुम्ही ते कपाटात ठेवलंत आणि एवढंच म्हणालात, "तुझा हात धसमुसळा आहे, पोरी." पुन्हा मला तुमच्या टेबलाजवळ बसवलं नाहीत, आणि मनगटावर दुसरं घड्याळही बांधलं नाहीत. बारा वर्षं आईला वेळ विचारताय.

या वेळी मात्र मी थांबले नाही. दुपारभर घासलं आणि काच इतकी लख्ख निघाली की त्या बाईंनी टिचकी मारून ती आहे ना, याची खात्री केली. तेव्हा लख्खकन कळलं. ते चट्टे म्हणजे अर्धवट उतरलेला थर. माझी चूक घासण्याची नव्हतीच, घाबरून अर्ध्यात थांबण्याची होती.

मागच्या खेपेला घरी आले तेव्हा आईला फितवून कपाटातलं तुमचं घड्याळ पळवलं होतं, नवी काच शोधायला. शोधायची गरजच उरली नाही. पार्सलमध्ये तेच आहे, काच तुमच्या गुरूंच्या वेळचीच. उन्हात जरा जास्त चमकेल, तेवढं चालवून घ्या. उरलेलं अर्धं काम मी काल पूर्ण केलं. आता ते बांधा, आणि आईने वेळ विचारली तर तुम्ही सांगा.

तुमचीच,
धसमुसळी