दस्तीखालची बोटं

४ जून, लातूर

बाबांचा फोन. पुन्हा तोच प्रश्न, "माय, तू नेमकं काय शिकायलीस?"
तिसऱ्यांदा सांगितलं. डिजिटल प्रॉडक्ट मॅनेजमेंट. मोबाईलमधलं अ‍ॅप कुणासाठी, कशासाठी बनवायचं ते ठरवायचं. बनवणारे वेगळे, वापरणारे वेगळे, आपण मधे.
बाबा म्हणाले, "मंजे दलालच की. मी बैलाचा, तू मोबाईलचा."
मागून आई हसली. मला राग आला. घरातली पहिली बी.एस्सी. मी. या तीन महिन्यांच्या कोर्ससाठी बी.एड.चा प्रवेश सोडला, आणि शेवटी दलाल!
रागातच फोन ठेवला. ठेवायला नको होता.

९ जून

निखिल सर पुण्याहून येतात शिकवायला. आज फळ्यावर एकच ओळ : वापरणाऱ्याशी बोला. खोलीत बसून अंदाज बांधू नका.
वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात उतरवून घेतली. कॉलेजात तीन वर्षं गाईडं पाठ केली, कुणी म्हणालं नाही की जाऊन विचार.
प्रोजेक्ट मिळाला. जनावरांच्या खरेदी-विक्रीचं अ‍ॅप. प्रत्येकीनं वीस मुलाखती आणायच्या, शेवटी सादरीकरण. त्यावरूनच कंपन्यांकडे नावं जाणार. म्हणजे सगळं त्यावरच.

१३ जून

रेश्मानं (माझ्या खोलीतली, उदगीरची) जेवायच्या आत अकरा मुलाखती भरल्या. पलंगावर बसून. कुणी तिचा मामा, कुणी आत्याचा दीर, आणि सगळ्यांच्या तोंडी तिचीच वाक्यं.
"तू बी टाक की. कोन फोन लावून बघायलंय?"
म्हटलं, मी बाजारात जाणार.
"जा. शेण तुडवून ये."

२१ जून, घरी

बाजार. जन्मभर याच बाजाराचं खाल्लं, पण चहाच्या गाड्यापुढं कधी पाऊल टाकलं नव्हतं. बायका येतच नाहीत. एकजण ओरडला, "दत्ताभाऊ, पोरगी बैल बघायला आणली का जावई बघायला?" सगळे खिदळले. बाबापण.

पण बाबा तिथं वेगळेच दिसतात. घरी आई बोलते, हे ऐकतात. तिथं हे उभे राहिले की माणसं गप्प. खांद्यावरची दस्ती, सुती उपरणंच ते, हातावर टाकतात. विकणारा तिच्याखाली हात घालून त्यांची बोटं दाबतो, जेवढी बोटं तेवढा आकडा. मग तीच दस्ती घेणाऱ्याच्या हातावर. तोंडानं कुणी आकडा काढत नाही. भोवती पन्नास माणसं, आणि भाव तिघांच्याच डोक्यात.

रेकॉर्ड करू का विचारलं.
"घरी दावतो माय. हितं नको."
मी म्हणाले, घरी खोटं खोटं होईल, मला खरा व्यवहार पाहिजे. वाक्य म्हणताना किती बरं वाटलं होतं मला.

व्यंकटमामांची बैलजोडी विकली गेल्यावर त्यांनी आणि बाबांनी टेम्पोच्या आडोशाला, दस्ती बाजूला करून, झालेला सौदा बोटांनी परत दाखवला. बाबांनी आकडा तोंडानं बोलून समजावला, मी व्हिडिओ घेतला. मामांना आधी नकोच होतं. "दत्ताच्या पोरीसाठी" म्हणून हात पुढं केला. मामा म्हणजे नात्यातले नाहीत, शेजारच्या गावचे. बाबांशिवाय दुसऱ्याच्या हातात कधी हात दिला नाही, असं सांगतात.
बाबा म्हणाले, "सरांना दाव. बाकी कुणाला न्हाई."
"हाव बाबा."
मी हाव म्हणाले.

२२ जून

बारा मुलाखती झाल्या. खऱ्या. पायाला फोड.
व्यंकटमामांना विचारलं, भाव सगळ्यांना मोबाईलवर दिसला तर सोपं नाही का होणार? माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना भर बाजारात धोतर सोडा म्हणाले.
"पोरी, एकानं कमी मागितलं अन् सोडून गेला, हे दुसऱ्याला कळलं तर? उतरलेला भाव बैलाच्या शिंगाला चिकटून बसतोय. मग ते बैल घरी न्यावं लागतंय." मग म्हणाले, "अन् मानूस बैल का विकायलाय, हे बी भावावरून वळखतात लोक."
हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. एस.टी.त लातूरपर्यंत हेच डोक्यात. वाटलं, यासाठीच आलेय मी या कोर्सला.

३ जुलै

अहवाल दिला. सरळ लिहिलं : आपलं अ‍ॅप भाव उघडा करतं, आणि लोकांना भाव झाकलेला हवा आहे. आहे तसं बनवलं तर कुणी वापरणार नाही. आधी दस्ती बनवा, मग बाजार.
व्हिडिओ सरांना द्यायचा म्हणून आमच्या प्रशिक्षण केंद्राच्या फोल्डरमध्ये टाकला. सगळं तिथंच टाकतो आम्ही.

१५ जुलै

सादरीकरण. मुंबईहून दोन पाहुणे.
सरांनी आदल्या दिवशीच माझी पानं बदलली होती. "तू अडचण सांगायलीस. त्यांना उपाय ऐकायचा असतो." (लातुरात येऊन येऊन तेही 'सांगायलीस' म्हणायला लागलेत.) नवं शीर्षक : अंधारातला व्यवहार उजेडात. मी तेच बोलले. माझ्याच तोंडानं. शिंगाला चिकटलेला भाव वगळला.
मुलाखतींचे गुण कापले, बाराच आहेत म्हणून. रेश्माला पैकीच्या पैकी. तिच्यात "वैविध्य" आहे.

१९ जुलै

केंद्राच्या इन्स्टावर मी! "शेतकऱ्याला उजेडात आणणारी लातूरची लेक." खाली बदाम कितीतरी. मैत्रिणींचे फोन. दुपारपर्यंत किती वेळा उघडून बघितलं.
इथं खोटं लिहायचं नाही, म्हणून लिहिते. फोल्डरमधला बाजाराचा व्हिडिओच लावलाय, बाबांचा चेहरा त्यात आहे, बोटं आहेत, आकडा बोललेला आवाज आहे, हे मला सकाळीच दिसलं होतं. सकाळी मी खूश होते.

२४ जुलै

आईचा फोन. बाबांचा नाही.
ती जोडी व्यंकटमामांच्या एकट्याची नव्हती, थोरल्या भावासोबत साझ्यात होती. मामांनी भावाला भाव कमी सांगितला होता. वरचे पैसे लेकीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी ठेवले होते. "पोरीला शिकवून काय करायचंय" म्हणणारा भाऊ आहे तो. त्याच्या पोरानं व्हिडिओ दाखवला. भांडण चावडीपर्यंत. पैसे गेले. पोरीचा प्रवेशही गेलाच म्हणायचा.
कुणाच्यातरी पोरीचं शिक्षण माझ्या शिक्षणानं

२५ जुलै

सरांना म्हटलं, काढून टाका. कारण सांगितलं.
"वाईट झालं. पण तू प्रवेशाच्या वेळी फोटो-व्हिडिओ वापरायच्या संमतीपत्रावर सही केलीस ना?"
मी केली. बाबांनी नाही. मामांनी नाही.
"बघतो. पण शीतल, आपल्या आजवरच्या पोस्टमध्ये सगळ्यात जास्त बघितली गेलेली आहे ती."
वापरणाऱ्याशी बोला. ते पान फाडलं नाही. राहू दे.

२ ऑगस्ट

सरांनी व्हिडिओ काढून टाकला. काय उपयोग, गावातल्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहे.
आई म्हणते, बाजारात बाबांना कुणी हात देत नाही. राम राम करतात, चहा पाजतात. दस्ती टाकली की हात मागं. "दत्ताभाऊ, तुमचं आता मोबाईलवर दिसतंय म्हने." गेल्या बाजारी दस्ती खांद्यावर ठेवूनच परत आले.
मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं.

३ ऑगस्ट

व्यंकटमामांना फोन लावला. उचलला त्यांच्या लेकीनं. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "हाव, वळखलं," आणि ठेवला.

९ ऑगस्ट, नांदेड

जनावरांचंच अ‍ॅप असलेल्या एका कंपनीनं बोलावलं. वर्गातून मला एकटीलाच. रेश्माला पुण्याची नोकरी लागलीय, कुठल्या तरी किराणा अ‍ॅपची.
चकचकीत ऑफिस, एसी, भिंतीवर बैलाचं चित्र (शिंगं चुकलेली, देवणी जातीच्या बैलाची अशी नसतात). मॅडम चांगल्या बोलल्या. मी घाईघाईनं झाकलेल्या भावाचं सांगितलं, भाव फक्त घेणाऱ्या-विकणाऱ्याला दिसेल असं आडोशाचं पान अ‍ॅपमध्ये कसं बनवता येईल तेही काढून दाखवलं. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं. मग विचारलं, "तुमचे वडील किती दलालांना ओळखतात? भोकर, उमरीकडचे पण?"
पद : सहायक प्रॉडक्ट मॅनेजर. काम : पहिलं वर्ष दलालांना अ‍ॅपवर आणणं.
आणि ते आडोशाचं पान?
"हो हो, घेऊ ना. पुढच्या टप्प्यात."
बाहेर आल्यावर लक्षात आलं, त्यांनी मुलाखत माझी घेतलीच नाही.

१४ ऑगस्ट

पत्र आलं. सोमवारी सकाळी अकरापर्यंत हो की नाही कळवा. घरात असं पत्र कुणाला आलेलं नाही. दाखवायला कुणीच नाही. रेश्मा म्हणाली, "येडी हायस का? हो म्हन." खोटं लिहून तिचं भलं झालं, कुणाचं वाईटही झालं नाही. मी खरं आणायला गेले.
उद्या गावी.

१६ ऑगस्ट, घरी

बाजाराचा दिवस, आणि बाबा घरी. असं कधी आठवत नाही. ओसरीवर बसून होते. दस्ती खुंटीला. आई भाकरी थापता थापता माझ्याकडे बघायची, त्यांच्याकडे बघायची.

शेवटी बाबाच म्हणाले, "नांदेडवाले काय म्हनायलेत?"
सांगितलं. न झाकता. त्यांना तुमच्या ओळखीचे दलाल पाहिजेत बाबा.
"मंजे तुला नेमायलेत का मला?"
ते हसल्यासारखे झाले. "मी म्हनलो तवा राग आला तुला. दलाल म्हनलो तवा."
"चुकले बाबा."
"दलाल मंजे वाईट न्हाई. दोघं इस्वास ठिवतात, तवा मधे हुभं राहता येतंय. तू हुभी राहिलीस, पन..."

मग उठले. खुंटीवरची दस्ती घेतली. मला वाटलं, निघाले बाजाराला. माझ्यासमोर बसून ती हातावर टाकली.
"सांग. काय द्यायलेत?"
आई चुलीपासून म्हणाली, "तोंडानं सांग की, घरातच हाव आपुन." त्यांनी तिकडे बघितलंच नाही.

मी हात घातला. कसं धरायचं ते व्हिडिओत शंभरदा बघितलं होतं, तरी बोटं चुकली. त्यांनी नीट करून दिली. कंपनीचा आकडा दाबला. बाबा छपराकडे बघत होते, बाजारात बघतात तसे. चेहऱ्यावर काही नाही. मग त्यांनी माझी बोटं धरली आणि त्यांचा आकडा दाबला. एकदा. सावकाश.
"ह्यो तुझा भाव. याच्या खाली आला, की हात सोडून द्याचा. मग समोर कोनबी आसू दे."
मी विचारणार होते, त्यात मामांच्या लेकीचं धरलंय का, तुमच्या बाजाराचं धरलंय का. "बाबा, मंजे..."
"तोंडानं न्हाई."

दस्ती झटकून खांद्यावर टाकली. परत खुंटीला लावली नाही. बाहेरही गेले नाहीत.

सोमवारी अकरापर्यंत कळवायचंय. आकडा मला कळलाय. इथं लिहीत नाही.