हेल्गाबाईंच्या स्ट्रॉबेऱ्या

गेर्लिंगेन, जर्मनी, गुरुवार, १४ जून २०१८

आज राहवलं नाही. गावाबाहेर हेल्गाबाईंच्या शेतात स्ट्रॉबेऱ्या रोपांवरच सडताहेत. दरवर्षी तोडायला येणाऱ्या पोलिश बायकांना आता त्यांच्याच देशात काम मिळालंय. युक्रेनच्या बायका तयार आहेत, पण त्यांनी इथे नुसतं फिरायला यायचं. कामाला परवानगी नाही.

मी रिकामीच. म्हटलं, मी तोडते. एक पेटी भरलीसुद्धा. तेवढ्यात सूनबाई धावत आली.

"अहो आई, तुमचा व्हिजिटर व्हिसा आहे! कोणी पाहिलं तर?"

"तर काय, स्ट्रॉबेरीसकट पकडतील?"

हेल्गाबाईंनीही पेटी माझ्याच हातात परत दिली. सूनबाईकरवी सांगितलं, गिऱ्हाईक म्हणून स्वतःसाठी हवं तेवढं तोडा. माझ्यासाठी तोडलंत तर दंड मला. फळ तेच, मोडणारी कंबर तीच. हा कुठला शहाणपणा? आमच्या कॉन्व्हेंट शाळेत पानात घास टाकला तर सिस्टर उभं करायच्या. इथे अख्खं शेत टाकतात, तेही कायद्याने. सडताहेत, डोळ्यांदेखत.

उरलेल्या ओळींवर उद्या हेल्गाबाई ट्रॅक्टर फिरवणार. त्याला परवानगी लागते का, म्हणून सूनबाईला विचारायला लावलं.

"नाइन," त्या म्हणाल्या. तेवढं जर्मनमधलं 'नाही' मलाही कळतं.