खुल्या सोसायटीचा चेअरमन

१ मार्च १९९९, सोमवार. सकाळी ६.२०
आजपासून रोजनिशी. कॉलेजातून निवृत्त होऊन आठ महिने झाले. तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं, आता तरी जगाला काही द्यायला हवं. संकल्प : माझ्या तत्त्वज्ञावर मराठीत चारशे पानांचा ग्रंथ. त्याचं नाव इथे लिहीत नाही. वही कुणाच्या हाती लागली तर विषय पळवतील. नाशकात वाचणारे कमी, पळवणारे पुष्कळ.

त्याचं म्हणणं असं. जे चूक ठरू शकतं तेच विज्ञान. आपण कधी चुकलो म्हणायचं हे जो आधी सांगत नाही, तो भोंदू. हजार द्राक्षं गोड निघाली म्हणून सगळी गोड हे सिद्ध होत नाही. एक आंबट निघालं की सिद्धान्त पडला. हे हिला समजावलं. ही म्हणाली, म्हणून तर मी गाडीवाल्याकडून आधी एक चाखून घेते. हिला तत्त्वज्ञानाचं अंगच नाही.

६.४५. नळाला पाणी नाही. ग्रंथ उद्यापासून.

३ मार्च, बुधवार
पुन्हा पाणी नाही. मखमलाबाद रोडवरच्या या सोसायटीत सोळा फ्लॅट, आणि सोळाही घरांना एकच रडगाणं. नऊ वर्षं मी चेअरमन. दर वर्षी बिनविरोध, म्हणजे लोक तृप्त आहेत. (दुसरं कुणी तयारच होत नाही, असं ही म्हणते. अर्थ एकच.)

माझा तत्त्वज्ञ विज्ञानावर थांबत नाही. तो म्हणतो, समाजही तसाच चालावा. वरच्यांना चुका दाखवायची मुभा हवी. भारतात हे कुठे तरी सुरू व्हायला हवं. आमच्यापासूनच करतो. जिन्याखाली पेटी लावली : ‘चेअरमनचे काय चुकते?’ किल्ली सुरक्षिततेसाठी माझ्याकडे.

६ मार्च, शनिवार
पेटी उघडली. अकरा चिठ्ठ्या. नऊ चिठ्ठ्यांत ‘पाणी’. एकीत नुसतं ‘चेअरमन’. एक एस.टी.चं जुनं तिकीट. हे सेक्रेटरी सावळीरामचं काम, तो रिटायर्ड कंडक्टर आहे. टीका करायलाही लायकी लागते. पेटी काढून आत ठेवली.

७ मार्च, रविवार
तळमजल्यावरच्या मालनबाई आल्या होत्या. ही सोसायटी उभी आहे तिथे पूर्वी त्यांचा शेवंतीचा मळा. जागेच्या बदल्यात बिल्डरने फ्लॅट दिला. पुढे उरलेल्या तुकड्यात अजून मेथी-कोथिंबीर पिकवतात आणि स्वतः मार्केटला नेतात. शिक्षण सातवी.

म्हणाल्या, सर, जमिनीतली टाकी गळती हाय. संध्याकाळी टाकी भरली की आत कोळशानं रेघ मारा, कॉक बंद करा, सकाळी बघा. पानी रेघेखाली गेलं तं गळती. नाय गेलं तं मी चुकले, पुन्हा बोलनार नाय.

सातवी पास बाई मला प्रयोग शिकवणार! टाकी बांधली तेव्हा मी स्वतः खुर्ची टाकून तिथे बसलो होतो. तेव्हा ती गळणं शक्य नाही. खरी कारणं खोल आहेत : वाढती लोकसंख्या, आंघोळीच्या सवयी, भूजल. उपाय बोअर.

त्यांनी मेथीची जुडी आणली होती. ठेवून घेतली. ताजी होती.

१४ मार्च, रविवार
कमिटीची मीटिंग. बोअर मंजूर. सावळीरामने अक्कल पाजळली : चांदवडहून पुंजाराम पाणाड्याला बोलवू, तळहातावर नारळ ठेवून चालतो, पाणी असेल तिथे नारळ उभा राहतो. मी चाळीस मिनिटं भोंदूगिरीवर बोललो. दोघे झोपले, मालनबाई हसत होत्या. पुंजारामच्या भक्त असणार, मळ्यातली माणसं.

मग दाखवून दिलं विज्ञान म्हणजे काय ते. नोटीस बोर्डावर माझ्या सहीने लावलं : ‘पार्किंगच्या ईशान्य कोपऱ्यात १६० फुटांवर दोन इंच पाणी लागेल. न लागल्यास मी चेअरमनपद सोडेन.’ भाकीत असं छातीठोक हवं. जागा शास्त्रीय पद्धतीने ठरवली आहे : तालुक्याचा नकाशा, जमिनीचा उतार, शिवाय तिथे माझी स्कूटर उभी नसते.

नोटीस वाचून ही म्हणाली, शेवटची ओळ खोडा. म्हटलं, शेवटची ओळ हेच तर विज्ञान आहे.

ग्रंथ : शीर्षक ठरलं. अर्पणपत्रिका अर्धी झाली.

२३ मार्च, मंगळवार
बोअरची गाडी सकाळी आठला आली. मशीनवरचा माणूस बहिरू, सटाण्याकडचा. १६० फूट : धुरळा. म्हटलं, अजून. २०० : धुरळा. २६० : धुरळा. बहिरूने मशीन बंद केलं आणि म्हणाला, सर, आठे पानी नही शे. त्याला भूगर्भातलं काय कळतं? रोज भोकं पाडतो एवढंच.

गच्चीवर वाळत घातलेल्या सोळा घरांच्या कुरडया राखाडी झाल्या. बायका काय काय बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमच्याही होत्या. हिने त्या एकेक करून झटकल्या, ते जास्त लागलं.

२४ मार्च, बुधवार
शांतपणे विचार केला. सिद्धान्त पडलेला नाही.
एक, १६० फूट कुठून मोजायचे हे नोटिशीत नव्हतं.
दोन, ‘लागेल’ हा भविष्यकाळ आहे. भविष्यकाळ अजून संपलेला नाही.
तीन, मशीन तिरकं उभं होतं असं मला पहिल्यापासून वाटत होतं.

नोटिशीतल्या शेवटच्या ओळीखाली कुणीतरी लाल पेनने दोन रेघा मारल्यात. नोटीस जुनी झाल्यामुळे काढून घेतली.

२ एप्रिल, शुक्रवार
गेटपाशी मालनबाई भेटल्या. त्यांनी काही बोलायच्या आतच मी म्हटलं, तुमच्या पुंजारामने तरी काय दिवे लावले असते? त्या म्हणाल्या, त्याला आमच्या मळ्यात दोनदा बोलवलं व्हतं. दोन्ही बारीला कोरडं. तिसऱ्यांदा नाय बोलवलं. मग टोपली खाली ठेवून विचारलं, सर, तुमचं कितीदा चुकल्यावर चुकलं म्हनायचं?

विज्ञानात असं मोजायचं नसतं, असं सांगून वर आलो. उत्तर चोख होतं. तरी जिन्यात दोनदा थांबलो. चढ आहे.

१० एप्रिल, शनिवार
कळलं काय चुकतंय. लोकांना सिद्धान्ताची पार्श्वभूमीच नाही. व्याख्यान द्यायला हवं. माझ्या तत्त्वज्ञाचा समाजविचार, गच्चीवर, रविवार १८, सायंकाळी ५.३०.

विषयाचं नाव ‘खुला समाज’ लिहिलं आणि लगेच खोडलं. आपल्याकडे समाज म्हटलं की लोक जात समजतात. शेजारच्या बिल्डिंगमधले विचारतील, कुठल्या समाजाचा मेळावा आहे? मूळ इंग्रजी शब्दच बरा. बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिलं : ‘खुली सोसायटी. वक्ते : चेअरमन.’

१३ एप्रिल, मंगळवार
अभूतपूर्व प्रतिसाद! जिन्यात, गच्चीवर, दुधाच्या गाडीपाशी, एकच विषय. एवढी वैचारिक भूक या लोकांत असेल असं वाटलं नव्हतं. सावळीरामने विचारलं, खुली कधीपासून होणार? म्हटलं, पिढ्या लागतील, पण सुरुवात रविवारी. तो गंभीर झाला.

तिसऱ्या मजल्यावरच्या तानुबाईंनी तर विचारलं, मग गाईसुद्धा आत येणार का? थक्क झालो. युरोपात हा प्रश्न कुणाला सुचला नसता. आपलं भारतीय मन थेट प्राणिमात्रापर्यंत पोचतं. म्हटलं, खुल्या सोसायटीत दार कुणालाच बंद नसतं. त्या पायरीवरच बसल्या. विचार मोठा असला की असं होतं.

ग्रंथ : व्याख्यानानंतर.

१७ एप्रिल, शनिवार
दिल्लीत सरकार पडलं. एका मताने! टीव्हीसमोरून हललो नाही. माझ्या तत्त्वज्ञाने नेमकं हेच सांगून ठेवलंय. ना गोळी, ना रक्त. आकडा लागला, माणसं उठली, घरी गेली. खालीवर फिरून सगळ्यांना सांगितलं की लोकशाही यालाच म्हणतात. खुर्चीला चिकटून बसणाऱ्यांनी यातून शिकावं. उद्या व्याख्यानात हाच दाखला.

१८ एप्रिल, रविवार. रात्री ९.३०
सगळं क्रमाने लिहितो.

सोळाच्या सोळा घरं हजर. नऊ वर्षांत कुठल्याही सभेला पाचाच्या वर माणूस आलं नव्हतं. मी ‘सभ्य स्त्री-पुरुषहो’ म्हणेपर्यंत तानुबाई उठल्या आणि म्हणाल्या, गेट काढू देणार नाही. मागून आवाज आले : कंपाउंड पाडलं तर बघा. कुत्री येतील. भाजीच्या गाड्या आत येतील. मला पाच मिनिटं काही कळेना. मग कळलं. खुली सोसायटी म्हणजे गेट काढून कंपाउंड पाडायचं, असं सोळाही घरांनी धरून ठेवलं होतं. नऊ वर्षं माझ्या सहवासात राहून ही समज!

समजावलं. लोक शांत झाले. गेले मात्र नाहीत. विषयाने पकड घेतली होती.

मग गाभ्याला हात घातला. म्हटलं, राज्य कुणी करावं, हा प्रश्नच चुकीचा. वाईट राज्यकर्त्याला रक्त न सांडता काढायचं कसं, हा खरा प्रश्न. कालचं दिल्लीचं उदाहरण दिलं. मालनबाईंनी हात वर केला. म्हणाल्या, लय पटलं. मंग आपल्यात कसं काढायचं?

उत्तम प्रश्न, असं मी म्हटलं. वर्गात म्हणायची सवय. मतदान, चिठ्ठ्या, गुप्तता, सगळं नीट समजावलं. त्या म्हणाल्या, आत्ता व्हईल का? मी घड्याळ पाहिलं, म्हटलं, तत्त्वतः हरकत नाही. सावळीरामने तोवर कागदाच्या सोळा चिठ्ठ्या फाडल्याही होत्या. तिकिटं फाडून फाडून हात बसलाय मेल्याचा.

‘ठेवा’ किंवा ‘काढा’, एवढंच लिहायचं. फ्लॅटमागे एक चिठ्ठी. अध्यक्षस्थानी असल्याने मी तटस्थ राहिलो, आमची हिने टाकली. मोजणी मीच केली, मोठ्याने वाचून.

काढा पंधरा. ठेवा एक.

चिठ्ठ्या पुन्हा मोजल्या, वारा होता गच्चीवर. पण ती एक चिठ्ठी पाहिली आणि बरं वाटलं. तेहतीस वर्षांचा संसार. पंधरा जणांना काय करायचंय? आपलं माणूस आपल्या बाजूने आहे. हिला काही बोललो नाही, हीही काही बोलली नाही. अशा गोष्टी बोलायच्या नसतात. जेवताना दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२१ एप्रिल, बुधवार
नव्या चेअरमन मालनबाई. बिनविरोध. म्हणजे दुसरं कुणी तयार झालं नाही.

काल संध्याकाळी टाकीत कोळशाने रेघ मारली, कॉक बंद केला. आज सकाळी सगळी सोसायटी टाकीभोवती. पाणी रेघेखाली चार बोटं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, एका निरीक्षणाने काहीही सिद्ध होत नाही. मालनबाई म्हणाल्या, बराबर हाय सरांचं, उद्या परत बघू. हा मान्य करण्याचा सूर मला मुळीच आवडला नाही.

२४ एप्रिल, शनिवार
गुरुवारीही चार बोटं. काल गवंडी आला. टाकीच्या तळाशी चीर निघाली, बांधकामाच्या वेळी माझी खुर्ची होती त्याच्या बरोबर समोर. त्या वेळी ऊन डोळ्यांवर येत होतं.

आज सकाळी ६.१० ला तिसऱ्या मजल्यापर्यंत पाणी. लोकांनी गॅलरीत येऊन टाळ्या वाजवल्या. तानुबाई बादली वाजवत होत्या. मी आंघोळ केली. आंघोळ म्हणजे पाठिंबा नव्हे.

पार्किंगमधल्या बोअरवर झाकण बसवलंय. त्यावर माझी स्कूटर उभी करावी, असा नव्या चेअरमनचा निरोप आला. सावली चांगली असते तिथे म्हणे.

२५ एप्रिल, रविवार. दुपारी १.४०
सकाळी ही मेथी निवडत बसली होती. मी सहज म्हटलं, अर्पणपत्रिका पुरी केली, ग्रंथ तुलाच अर्पण. गेल्या रविवारी सगळे उलटले, एकटी तू माझ्या बाजूने राहिलीस.

हिने हातातली काडी खाली ठेवली. म्हणाली, आपली चिठ्ठी ‘काढा’ होती. नऊ वर्षं जिन्यात तुमच्या नावाने मी ऐकून घेतेय, मलाही जिना चढायचा असतो.

मग ‘ठेवा’ कुणाची?

ही म्हणाली, मालनबाईंची. जुडी द्यायला आल्या तेव्हा स्वतःच बोलल्या. काढायचं तं व्हतंच, पंधरा पुरे व्हते त्याला. पन येक तरी चिठ्ठी सरांच्या बाजूनं निघू द्या म्हनलं, नाय तं ते जेवायचे नाय.

मी म्हटलं, गुप्त मतदानाची वाच्यता करणं बेकायदेशीर आहे. ही पुन्हा मेथी निवडायला लागली.

वाईट वाटलं. लिहून ठेवतो, कुणी वाचणार नाही. पंधरा ‘काढा’चं वाटलं नव्हतं एवढं त्या एका ‘ठेवा’चं वाटलं.

नंतर डोकं चालायला लागलं. बाईंनी भाकीत केलंय : एकही माणूस बाजूने नसेल तर सर जेवणार नाहीत. छातीठोक भाकीत आहे, खोटं पाडता येण्याजोगं. आता मला माहीत आहे की एकही माणूस बाजूने नव्हतं. तेव्हा आज पोटभर जेवायचं, की भाकीत पडलं. हिला म्हटलं, वाढ. पाटावर बसलो. गरम भाकरी, मेथीची भाजी, वर लसणाची फोडणी.

घास उतरला नाही.