दार बंद होतं

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज हे पुन्हा हसले. टॅबलेटकडे बघून! समोर मी शर्टांच्या घड्या घालतेय, माझ्याकडे बघून नाही.

कॉलेजच्या कारकुनाचं हे काम. आमच्या दुकानात कोट इस्त्रीला टाकायला येतो नि जाताना काहीतरी लावून जातो. म्हणाला, मोठ्या माणसांसाठी घरबसल्या इतिहासाचा वर्ग निघालाय, फी नाही, परीक्षा नाही. यांनी लगेच नाव घातलं. मला विचारलं नाही. सातवी झालेला माणूस, पन्नाशी उलटल्यावर इतिहास शिकणार. बरं, राजेरजवाड्यांचा तरी असेल – तोही नाही. मंगळवारी तासभर प्राध्यापिकाबाई पडद्यावर येतात. बाकी आठवडाभर सगळ्यांनी फळ्यावर लिहायचं. फळा म्हणजे टॅबलेटमधलंच एक पान. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं ते नीट वाचून उत्तर द्यायचं. मध्ये कुणी तोंड घालायचं नाही.

मी म्हटलं, मग तुमचं बरं जमेल.

६ फेब्रुवारी

तिकडे एक नर्स आहे. कुठली कोण, देव जाणे. हे काहीही लिहू देत, खाली हिचं उत्तर हजर. "तुम्ही फार नेमकं लिहिता." नेमकं म्हणे! भाजीत मीठ कमी आहे हे या माणसाला जेवण संपल्यावर सुचतं.

माझं शिक्षण चौथी. वाचते, पण बोट ठेवून. हे गुडघा दाखवायला डॉक्टरकडे गेले की मी टॅबलेट घेते. कसा उघडायचा ते लेकीनं फोनवरून शिकवलं. तिला सांगितलं, मलाही शिकावंसं वाटतंय. खूश झाली, वेडी.

७ फेब्रुवारी

यांना आलेली एकूण अकरा उत्तरं. त्यात नर्सची सात.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंचा तास. मी मागं इस्त्री करत उभी. बाईंनी यांना विचारलं, तुम्ही आधी कुठं कामाला होता? हे घसा खाकरतायत तोवर मीच सांगून टाकलं – हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात, दोघंही, लग्नही तिथंच जमलं. बाई हसल्या. नर्सही दिसली, कोपऱ्यातल्या चौकोनात. वय माझ्याएवढंच, पण केस कापलेले, चष्मा लालचुटुक. बोलली कमी. मान मात्र सारखी हलवत होती, यांच्या बाजूनं.

या आठवड्याचा अभ्यास – तुमच्यासमोर घडलेली एक गोष्ट लिहा. आजवर सांगत आलात तशी नको, घडली तशी.

संध्याकाळी हे इअरफोन घेऊन आले. मला ऐकू जाऊ नये म्हणून, की तिचं नीट ऐकू यावं म्हणून?

१४ फेब्रुवारी

इस्त्री बंद करून लिहितेय.

यांनी आगीचं लिहिलंय. धुलाईखान्यातल्या. "भट्टीवाला आत होता. मी दाराशी होतो. दार उघडं होतं. मी आत गेलो नाही. भ्यालो."

खाली नर्स – "हे तुम्ही कुणालाच सांगितलं नसणार. सांगा सावकाश. मी ऐकतेय."

ऐकतेय! अगं, तू कोण ऐकणारी? आग लागली तेव्हा मी त्याच आवारात ओल्या चादरी पिळत होते. सव्वीस वर्षं या माणसाच्या शेजारी बसून जेवतेय. मला एक अक्षर नाही, नि हिला सगळं ताटात वाढून!

वर लिहिलंय तेही खोटं. दार बंद होतं. कडी तापून अडकली होती. सगळ्या गल्लीला माहीत आहे, मीच सांगितलंय सगळ्यांना.

१५ फेब्रुवारी

बोलले एकदाची. ज्यांना लिहायला वेळ लागतो त्यांच्यासाठी फळ्यावर माइकचं चित्र असतं. ते दाबलं.

"मी यांची बायको बोलतेय. नर्सबाई, तिथं मी होते, तुम्ही नव्हता. दार बंद होतं. हा माणूस भित्रा नाही. आणि आमच्या घरातलं ऐकायला बाहेरचे कान लागत नाहीत."

यांनी दुपारी ऐकलं. मग एकाच कोटाची बाही तीनदा दाबली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

वाटलं होतं बाई हाकलून देतील. उलटंच झालं! एक घटना, दोन साक्षीदार, तेही एकाच घरातले – बाई म्हणाल्या, संवाद संवाद म्हणतो तो हाच. मलाही वर्गात घेतलं. माझा वेगळा चौकोन!

अख्खा तास आमच्या आगीवर. एक रिटायर पोस्टमन आहेत, ते विचारत होते, कडी आतून होती की बाहेरून, धूर आधी दिसला की ज्वाळा? माझी उत्तरं तयार होती. नर्सनं तर माफी मागितली. म्हणाली, तुमच्याकडूनही ऐकायला हवं होतं. चौथीवाली मी अर्धा तास बोलले आणि शिकलेली माणसं वहीत लिहून घेत होती. कपडे न्यायला आलेल्या दोघांना मी हातानंच थांबवलं.

बाईंनी यांना दोनदा विचारलं, तुमचं काय म्हणणं? यांनी मान हलवली. हो की नाही, कळलं नाही कुणालाच.

२० फेब्रुवारी

नर्सनं आज मला लिहिलं. यांना नाही. दिवस फार बरा गेला.

२२ फेब्रुवारी

ही वही कुणी वाचत नाही, म्हणून लिहिते.

दार उघडं होतं. सताड. मी चादरी टाकून धावत आले तेव्हा हे उंबऱ्याशी उभे होते, दोन्ही हात लोंबत, पाय खिळल्यासारखे. बाजूनं ढकलून दुसरे दोघे आत गेले. भट्टीवाला वाचला, पाय गेला त्याचा. साहेबांनी विचारलं, तुम्ही दाराशी होता ना, मग? यांचं तोंड उघडायच्या आत मी पुढं झाले नि कडीचं सांगितलं – अडकली होती, त्या दोघांच्या धक्क्यानं निघाली. नोकरी राहिली. महिन्याभरात आमचं ठरलं. त्यावर हे पुन्हा कधी बोलले नाहीत. मला वाटायचं, मनात उपकार ठेवलेत.

मग आता काय गरज होती? आणि सांगायचंच होतं तर मला सांगायचं. मी म्हटलं असतं, असू दे. नाही – म्हटलं नसतं. कडी अडकली होती, असंच म्हटलं असतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

तासाला यांचा चौकोन नव्हता. म्हणाले, गुडघा दुखतोय, डॉक्टरकडे जाऊन येतो. जाताना फोन नि इअरफोन घेऊन गेले. मी बोलले नेहमीसारखी. पोस्टमन म्हणाले, आज मजा नाही आली.

२६ फेब्रुवारी

फळ्यावर यांचं नावच नाही. बाईंना विचारलं. उत्तर आलं, बोट ठेवून दोनदा वाचलं – "ते दुसऱ्या तुकडीत गेले आहेत. तिथं खूप बोलतात. कोणती तुकडी ते तुम्हाला सांगू नये, अशी त्यांची विनंती आहे."

नर्स इथंच आहे. माझ्या तुकडीत.