पाहणाऱ्यांचा वाटा

चंद्रपूर,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. कुंता हिस अनेक आशीर्वाद.

मी कुशल आहे. महाविद्यालयात परीक्षा सुरू आहेत. पत्र एवढ्याचसाठी की, फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस.

आज सकाळी तलावावरचे तुझे लाइव्ह पाहिले. तीस हजार माणसे, कुंता! कॅमेरा तिरका, वाऱ्याची घरघर असह्य. तरी मी खुर्चीच्या काठावर बसून होते. पंधरा वर्षे मी जनसंवाद शिकवते. माझ्या निर्दोष व्याख्यानांच्या चॅनलला एकेचाळीस सदस्य आहेत, तेही बहुतेक परीक्षार्थी.

आणि तू? जाळे ओढणाऱ्यांचे मासळीचे वाटे पळसाच्या पानांवर पडले की आपल्या वाट्यातून एक ढीग वेगळा काढतेस, "हा पायणाऱ्यायचा" म्हणतेस, आणि एका प्रेक्षकाच्या नावाने तो गावातल्या एका घरी पोचवतेस. सुरतेतला माणूस त्या क्षणी आपल्या तलावाचा भागीदार होतो! हे मला कोणत्याही ग्रंथात सापडले नव्हते.

आज तू 'शरयू, पुणे' हे नाव पुकारलेस. "ह्या मॅडम दर येळेस माह्या चुका काढतेत. काऊन मॅडम, मरळीचे खवले काढता येते का तुमाले?" सगळा काठ हसला. आज पाळी आपल्याच घराची होती. आईने पान हातात घेतले.

"कोन वं हे पुन्याची बाई? सुखी राहो माय. माही मोठी पोरगी चंद्रपूरले रायते, पर तिले मासोळीचा वास सोसत नाई."

तू झटकन कॅमेरा फिरवलास.

कुंता, शरयू मीच.

अजून एक. गेल्या महिन्यात स्टाफरूममध्ये सगळे तुझा व्हिडिओ पाहत होते. कोणी विचारले, "मॅडम, ही तुमच्या सावली तालुक्यातली. ओळखता?" मी म्हणाले, "नाही." उच्चार अगदी शुद्ध होता.

वासाची सबब मीच आईला सांगितली होती, गावी यायला नको म्हणून. तो मला सोसतो. आवडतो.

येत्या रविवारी सकाळी सहाला मी तलावावर असेन आणि जाळे ओढायला पाण्यात उतरेन. स्टाफरूममध्ये सर्वांना वेळ कळवली आहे, ते पाहतील. मी कोण आहे हे मी स्वतः सांगेन. आईला आधी काही बोलू नकोस.

आणि मला बहीण म्हणायचे नसेल, तर तेही तिथेच, सर्वांदेखत म्हण. तो अधिकार तुझा आहे.

तुझी सख्खी मोठी बहीण,
साधना