मान वर होईल म्हणतात

पारसच्या बापूंना,

सुरतेची गाडी सुटेपर्यंत मी घरी येत नाही, शोधू नका. लहानपणी भाजलेल्या मानेचं, पदराखाली झाकलेलं आखडलेलं कातडं कापून मांडीचं लावलं की मान वर होईल, असं सुरतेचे डॉक्टर म्हणाले. खात्री तेही देत नाहीत. पण काल लग्नघरात सासूबाई सगळ्या बायांना सांगत होत्या, "मन्ही वहूनी सात वरीसमा कधी मान वर करी नही!" त्यांना ती मर्यादा वाटते. या घरात माझ्या वाट्याला तेवढाच एक चांगला शब्द आलाय. तोही कापायला देऊ? त्यांना खरं सांगू नका.

पारसला खिचडी भरवलीय. तुमची टोपी वरच्या खुंटीवर असेल तर तुम्हीच बघा. मला तिथवर दिसत नाही.

बदाम