पहिल्या झटक्यात

दि. १४ नोव्हेंबर, शनिवार

प्रिय ताई,

नमस्कार. भावजींच्या डोळ्यावरची पट्टी निघाली हे वाचून बरं वाटलं. त्यांना आता सगळं स्वच्छ दिसायला लागलं असेल, तर घरातल्या बऱ्याच जणांनी जपून राहायला हवं. पहिला मीच. इकडे सगळे ठीक. हिने सकाळी चालायला जायला सुरुवात केली आहे, आणि मी तिला दारापर्यंत सोडायला.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. दोन महिन्यांपूर्वी घेतलेला ट्रॅक्टर पुन्हा त्याच लिलावाच्या साइटवर विकायला टाकायचा, जमीन दिराला कसायला द्यायची आणि तू नि भावजींनी लेकीकडे राहायला जायचं. हे सगळं तू इतक्या सहज लिहिलंयस, जणू दोरीवरचे वाळलेले कपडे आत आणायचेत. शेवटी म्हणतेस, 'तू चांगलं लिहितोस, जाहिरातीचा मजकूर तूच करून दे.'

चार दिवस तो मजकूर करतोय. दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुका काढून मी पोट भरतो, पण स्वतःच्या चार ओळी काही जुळत नाहीत. 'उत्तम स्थितीत' लिहिलं की पेन अडतं. 'किरकोळ काम निघेल' लिहिलं की मीच अडतो.

तुझ्या पत्रातली एक ओळ मात्र तोंडपाठ झाली आहे. 'दीर म्हणतो ते खरं, यंत्राला हात लागतो, तो माझ्याकडे नाही. पहिल्याच दिवशी मी गिअर करकरवला, तेव्हाच त्याचं काहीतरी बिघडवलं असणार.' त्याच्या म्हणण्याप्रमाणे यंत्राला पुरुषाचा हात लागतो. त्याच्या मोटरसायकलला गेली तीन वर्षं असा हात लागतोय, आणि ती गोठ्यात उभी आहे. पण तो विषय वेगळा.

विषय वेगळा, असं म्हणून मी दोन महिने काढले. आता नीट लिहितो.

ट्रॅक्टर घेण्याआधी तू करून दिलेली अकरा प्रश्नांची यादी अजून माझ्याकडे आहे. साइटवरचे फोटो सगळे चांगल्या बाजूने काढलेले असतात, म्हणून लिलावाचे ट्रॅक्टर उभे असतात त्या इथल्या यार्डात तू मला पाठवलंस. टायर बघ, तेल गळतंय का बघ, कागदांवरचा नंबर इंजिनावरच्या नंबराशी जुळव. आणि पहिलाच प्रश्न, खाली दोन रेघा मारलेला: 'सुरू करायच्या आधी इंजिनाला हात लाव. गार असेल तरच सुरू करायला सांग.' तापलेलं इंजिन कसंही असलं तरी सुरू होतं, झिजलेलं असेल तर ते गार असतानाच कळतं, हे तू मला फोनवर समजावलंस. कुठे शिकलीस विचारलं, तर म्हणालीस, 'मी तुझ्यासारखी पेपर वाचत नाही, माणसांना विचारते.'

मी गेलो. हात लावला. चटका बसला.

यार्डातला माणूस सरळ होता. म्हणाला, आत्ताच दुसऱ्या गिऱ्हाइकाला चालवून दाखवलाय, दोन तास थांबा, गार झाला की पुन्हा सुरू करून दाखवतो. खुर्चीसुद्धा पुढे केली. खोटं बोलणं खरं म्हणजे त्याच्या धंद्याचं काम. ते मी केलं.

कारण माझ्याकडे चारच्या नाटकाची तिकिटं होती. एवढंच कारण. ही बाहेर रिक्षात बसून घड्याळ बघत होती. मी म्हटलं, आत्ताच करा सुरू. पहिल्या झटक्यात झाला. बाकीचे दहा प्रश्न मी इतके मन लावून तपासले, की तो माणूस मला जाणकार समजला.

लिलाव नाटकाच्या मध्यंतरात संपणार होता, तू घरून साइटवर बोली लावत होतीस. शेवटच्या दोन मिनिटांत कुणी बोली लावली की वेळ आणखी दोन मिनिटं वाढते, आणि समोरचा कुणीतरी हटवादी दर वेळी लावत होता. तुझा तिसरा फोन आला तेव्हा आतली घंटा झाली होती. तू सरळ विचारलंस:

"इंजिन गार होतं ना रे?"

मी म्हटलं, "अगं, पहिल्या झटक्यात सुरू झाला. घे तू."

यातला एकही शब्द खोटा नाही. माझा धंदाच शब्दांचा, ताई.

इथवर लिहून थांबलो असतो तर बरा दिसलो असतो. पण याहून वाईट पुढे आहे. ट्रॅक्टर तुझ्या दारात आला, आणि दुसऱ्या सकाळपासून तो सुरू होईना. तू त्याला उतारावर उभा करायला लागलीस, शेजारचे चौघं येऊन ढकलायला लागले, आणि ज्या आठ घरांची नांगरणी तू अंगावर घेतली होतीस त्यांतल्या पाचांनी दुसरीकडे सांगितलं. तू फोन करून रडलीस, म्हणालीस माझ्या हातून बिघडला. आणि मी काय म्हणालो? "होतं गं शिकताना. मनाला लावून घेऊ नकोस." माझ्या चुकीबद्दल मी तुला माफ केलं. वर तू मला म्हणालीस, तू आहेस म्हणून धीर आहे.

बुधवारी मी इथल्या एका मिस्त्रीकडे जाऊन सगळं सांगितलं. गार असताना सुरू होत नाही, एकदा तापला की दिवसभर चालतो, धूर निळसर येतो. तो म्हणाला, पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, आणि ही झीज दोन महिन्यांची नाही, कित्येक वर्षांची आहे. मी गिअरचं विचारलं. त्यावर हसला. म्हणाला, गिअर वाजवून रिंगा झिजत असत्या तर मी आज बंगल्यात राहिलो असतो. इंजिन उतरवून आठवड्याभरात ठीक होईल. त्याला घेऊन मी शुक्रवारी येतोय. ते काम माझं आहे, त्यात तुझी परवानगी मागत नाही.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू 'जाऊ दे' म्हणाली असतीस आणि मी ते लगेच मान्य केलं असतं. शिवाय कागद दाखवता येतो. हा दिराला वाचायला दे, भावजींना दे, ढकलायला येणाऱ्या चौघांना मोठ्याने वाचून दाखव. त्यांच्यासमोर दोन महिने तू मान खाली घातलीस. ती मान माझी होती.

मजकूर पाठवत नाही. लेकीकडे जायचं असेल तर जा, तुला तिथे आवडेल. पण चालवता येत नाही म्हणून जाऊ नकोस. न चालणारा ट्रॅक्टर घेऊन तू तीन घरांची नांगरणी पुरी केलीस, ताई. तुझ्या हातून काहीही बिघडलेलं नाही.

यावर काय बोलायचं ते बोल. मी मध्ये शब्द टाकणार नाही.

तुझा
धाकटा